थांबलेल्या घोडीचे मालक

शर्यतीच्या घोड्यात आपली भागी आहे असं कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: किती लावले आणि किती मिळाले. गेल्या वर्षभरात लातुरात, नांदेडात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत हे प्रश्न इतक्यांदा कानावर आले की उत्तरही पाठ झालं. लावले ते परत आले नाहीत, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. ‘घोडी आता कुठं आहे?’ हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. वर्षभराच्या भागीदारीनं जे काही शिकवलं ते सगळं या तिसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

मी पशुवैद्य. सगळी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेली. देवणी वळूंची नोंद, लाल कंधारी गाईंचं वासरू अडलं तर रात्री-अपरात्री धाव, मेंढरांचं लसीकरण, म्हशींचं दूध आटल्याची गाऱ्हाणी. घोडा या कामात क्वचित भेटायचा, आणि भेटायचा तो माळेगावात. लोहा तालुक्यातलं हे गाव नांदेड–लातूर रस्त्यावर आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीला तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशाकडचे व्यापारी घोडे घेऊन उतरतात. व्यापारी घोड्याचा ओठ उचलून दात दाखवतो, गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे शोधतं, कोणी पंचकल्याणीच हवी म्हणून अडून बसतो, कोणी नुकऱ्याभोवती नुसता फिरत राहतो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. आमच्या खात्याच्या तंबूत बसून मी हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलं. घोडा घेताना माणसं त्याची चाल, त्याचा रंग, त्याचं नशीब, सगळं तपासतात. तो म्हातारा झाल्यावर काय, हे विचारताना मी त्या बाजारात कोणाला पाहिलं नाही. तसं विचारण्याची ती जागाही नसेल.

जनावरात भागी ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडे एकच बैल असतो तेव्हा तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी सावड करतो. आठवड्यातले वार वाटून घेतात आणि दोघांची औतं चालतात. शेळी, कालवड अर्धलीनं देतात: सांभाळ एकाचा, जनावर दुसऱ्याचं, पुढचं वेत निम्मं-निम्मं. पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, जोडीत तर एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, हाकणारा तिसरा आणि खुराकाचा भार उचलणारा एखादा हौशी चौथाच, असंही असतं. यातलं काहीच कागदावर नसतं. तरी गावाला नियम माहीत असतात. तंटा झाला तर तो जनावर मेल्यावर किंवा अपंग झाल्यावर होतो, आणि तेव्हा बोलावणं पशुवैद्याला येतं. रोग आधीचा होता की नंतरचा, बैल कोणाच्या पाळीत लंगडला, हे ठरवायला मी कित्येक ओसऱ्यांवर बसलो आहे. म्हणून पाच जणांत घोडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा माझ्या मनात हुरूप होता, तसेच ते तंटेही होते.

पाच जणांतले तिघे आम्ही लातूरचे. एक आडत दुकान चालवणारे शेठ, एक शिकवणी घेणारे सर आणि मी. नांदेडचे दोघे, एक वकील आणि एक औषध दुकानदार. ओळख जुनी, शर्यतीचं वेडही जुनं, पण ते आजवर टीव्हीपुरतं आणि वर्षातून एखाद्या फेरीपुरतं. ती फेरी हैदराबादची. पुणे-मुंबईची रेस मोठी, पण आमच्या भागाची वाट पूर्वीपासून हैदराबादेकडे जाते. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. आजोबांचं हायकोर्ट तिथं, मोठा दवाखाना तिथं, लग्नाचा बस्ता तिथला. आजही उदगीरहून बिदर ओलांडलं की हैदराबाद लांब वाटत नाही. मलकपेटचं मैदान निजामाच्या काळापासूनचं. तिथल्या एका ट्रेनरच्या तबेल्यात एक तीन वर्षांची घोडी विकायला आहे असं कळलं. थोडीफार पळालेली होती, कधी जिंकलेली नव्हती, त्यामुळे किंमत पाच जणांना पेलणारी होती. पाडव्याच्या सुमारास व्यवहार झाला.

कराराचा मसुदा वकिलांनी केला. खर्च समान, बक्षीस समान, बाहेर पडायचं तर हिस्सा आधी बाकीच्यांना विचारायचा, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्यावर शेठ म्हणाले, “एक कलम राहिलं. दर महिन्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम वेगळी काढायची, जिंकलो तर बक्षिसातूनही काढायची. घोडी थांबली की ती तिच्यासाठी. मधेच जो बाहेर पडंल त्यानं ती मागायची नाही.”

सर हसले. घोडी अजून पळाली नाही आणि तुम्ही तिची पेन्शन काढताय, असं म्हणाले. शेठ शांतपणे म्हणाले, “घोडी पळूलाली तवर सगळेच तिचे की हो सर. बसली म्हंजी बघा, फोन कोण उचलतंय.”

जुन्या आडत बाजारात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाईबरोबर धर्मादाय म्हणूनही काही पैसे कापले जात. गोशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा यांच्या नावानं. शेतकऱ्याच्या पैशांतून व्यापाऱ्यांनी पुण्य करावं हे काही फार न्यायाचं नव्हतं, आणि त्यावर रोषही होता. शेठना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आमच्या वहीत ‘धर्मादाय’ हे खातं उघडलं तेव्हा त्यात फक्त आमचेच पैसे पडतील अशी तजवीज केली. आमच्यापैकी जनावरांचा डॉक्टर मी, घोड्यांवर प्रेम करणारे सर, कायदा जाणणारे वकील; पण घोडीच्या शेवटाचा विचार केला तो तूर आणि सोयाबीनचा भाव पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं. व्यापाऱ्याला माल घेतानाच तो निघणार कुठून हे पाहावं लागतं. ही सवय आपण रूक्ष समजतो. तिच्यात किती काळजी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढे कळलं.

शर्यतीच्या घोड्याचा मालक रोज काय करतो? काहीच नाही. हे पहिल्या महिन्यातच लक्षात येतं. घोडी तबेल्यात, निर्णय ट्रेनरचे. किती पळवायची, कोणत्या शर्यतीत नाव द्यायचं, जॉकी कोण, नाल कधी बदलायची, यावर मालक मत देऊ शकतो आणि शहाणा असेल तर देत नाही. सकाळी उजाडायच्या आत घोडे मैदानावर निघतात. घोडी फेऱ्या मारून परत येते, अंगातून वाफ निघत असते, मोतद्दार तिला चालवून थंड करतो, मग खरारा, मग चंदी: ओट्स, जव, कोंडा, आणि बरोबर लसूणघास, कधी गाजरं. आम्ही आळीपाळीनं जायचो तेव्हा तबेल्याच्या दारात उभं राहून हे बघायचो. मोतद्दार तिला ‘बेटी’ म्हणायचा. तिला आमच्यातल्या एकाचीही ओळख नव्हती. त्याची पावलं मात्र लांबून कळायची. पाच मालक आणि एक मोतद्दार यांत ती कोणाची, हा प्रश्न तिला विचारला असता तर आमच्या कराराची अडचण झाली असती.

खर्च दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. शर्यत कधी येईल ते ठरलेलं नसतं. घोडीला ताप आला, ती खायला नाखूश आहे, नाव दिलं होतं पण त्या गटात जागा मिळाली नाही, पाऊस झाला आणि मैदान जड झालं. ट्रेनरचा निरोप येतो आणि पाचांपैकी कोणीतरी तो इतरांना कळवतो. ज्यांच्या घरी पेरणीनंतर आभाळाकडे बघण्याचा रिवाज आहे त्यांना हे नवं नसावं. तरी माणसं अधीर होतात. शेतात आपण निदान कोळपणी करू शकतो. इथं तेही नाही. या काळात आमच्यात पहिल्यांदा फरक दिसायला लागला. हिस्से समान होते, जीव समान नव्हता. एकाला रोज घोडीची खबर हवी असे. दुसऱ्याला फक्त शर्यतीचा दिवस कळवा असं वाटे. तिसरा खर्चाचा आकडा पाहून गप्प होई. भागीदारीत पैशाची वाटणी सोपी असते, कारण ती भागाकारानं होते. ओढ मात्र कोणाला किती असावी हे करारात लिहिता येत नाही.

पावसाळी हंगामात ती पहिल्यांदा आमच्या नावानं पळाली. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आसपास संपते. सुटायच्या वेळी ती मागे राहिली, मधे थोडी सरकली, आणि शेवटी कोणाच्याही लक्षात राहणार नाही अशा जागी आली. पुढच्या वेळी थोडी वर. वर्षभरातली तिची सगळी पळापळ एकत्र मांडली तर दहा मिनिटंही भरत नाहीत, आणि त्या दहा मिनिटांसाठी बाकीचं वर्ष. हिशेबाच्या भाषेत हे वेडेपणाचं आहे. पण हौस हिशेबात बसत असती तर माळेगावची यात्रा इतकी वर्षं भरली नसती.

गावात मात्र टोमणा वेगळा होता. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रात ती उठायला 16 डिसेंबर 2021 उजाडला, आणि घटनापीठानं राज्यांचे सुधारित कायदे योग्य ठरवले ते 18 मे 2023 ला. या सगळ्या काळात मलकपेट, पुणे, महालक्ष्मी इथले घोडे पळतच होते. 1996 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिला होता. “डॉक्टर, तुमच्या घोड्याला लगाम लावला तर कौशल्य, आमच्या बैलाला वेसण घातली तर क्रूरता, असं कसं?” असं एका पटवाल्यानं विचारलं तेव्हा मी दोन्ही प्राण्यांच्या शरीररचनेबद्दल बोललो. घोडा पळण्यासाठी बांधलेला आहे, बैल ओढण्यासाठी. बैलाची शरीररचना अशा शर्यतीसाठी नाही, असं न्यायालयानं 2014 च्या निकालात म्हटलं होतं. माझं बोलणं चुकीचं नव्हतं, पण त्याचं उत्तर त्यात नव्हतं. त्याचा प्रश्न शरीररचनेचा नव्हता. बंदीच्या वर्षांत पटाचे बैल कोणी सांभाळले, हा होता. न पळणाऱ्या पटाच्या बैलाला कोणी विकत घेत नाही, आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाला खाटकाचीही वाट राहिली नाही. ज्यांनी तो दावणीला ठेवला त्यांनी त्याला निव्वळ पोसलं.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या महिन्यांत मी बाजारात आणि छावण्यांत जे पाहिलं ते या वर्षी पुनःपुन्हा आठवलं. चारा एकाच जनावरापुरता असेल तर माणूस गाय ठेवतो, कालवड ठेवतो. बैल सगळ्यात शेवटी. तरीही म्हातारा बैल ठेवणारे लोक मी पाहिले. त्यांच्याकडे कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. “पोळ्याला दावणीला कोण तरी पायजे की,” एवढंच एकजण म्हणाला होता. पोळ्याच्या दिवशी गावात निघालेल्या मिरवणुकीत औत ओढणारा आणि औत सोडलेला, दोघांच्याही शिंगांना सारखाच हिंगूळ असतो. त्या एका दिवसासाठी तरी उपयोगाचा हिशेब बाजूला राहतो.

घोडी जिंकली ती दसऱ्याच्या आसपास. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती बाहेरच्या बाजूनं आली, पुढच्या दोघांना मागं टाकलं आणि मानेच्या अंतरानं पोचली. जिंकलेल्या घोड्याला मालकानं लगाम धरून आत आणायचं असतं. लगाम एक, आम्ही पाच. वकिलांनी डावीकडून धरला, सरांनी उजवीकडून, औषधवाले भाऊ मधे घुसले, माझा हात तिच्या मानेवर, आणि शेठ सगळ्यांच्या मागे, दोन बोटं कशीबशी रिकिबीला टेकवून. फोटो काढणारा ओरडत होता, घोडी कान मागे टाकून वैतागली होती, मोतद्दार तिला चुचकारत म्हणत होता, “बस बेटी, बस, दो मिनट.” तो फोटो आमच्या पाचही घरांत लागलेला आहे. त्यात घोडीचं तोंड नीट दिसत नाही.

त्याच सुमारास नांदेडला हजूर साहिबची दसऱ्याची मिरवणूक पाहिली. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला विसावले. त्यांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे या मिरवणुकीत सजून चालतात. त्यांच्यावर कोणी स्वार होत नाही. मूळचा नांदेडकर म्हणून हे दृश्य लहानपणापासून ओळखीचं, पण त्या वर्षी वेगळं लक्षात आलं. या घोड्यांनी काहीही सिद्ध करायचं नसतं. त्यांचा मालक कोणी एक माणूस नाही, आणि त्यांच्यावर केलेल्या खर्चाची परतफेड कोणी मागत नाही. आमच्या घोडीला नुकतंच बक्षीस मिळालं होतं, आणि त्या बक्षिसाचा एक भाग शेठनी वहीतल्या धर्मादाय खात्यावर टाकून दिला होता. त्या वेळी आम्हाला तो भाग बराच मोठा वाटला.

जिंकण्याचं एक गणित शर्यतीत आहे जे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. घोडा जिंकला की त्याची गुणांकात बढती होते आणि पुढच्या शर्यतीत त्याच्या पाठीवर जास्त वजन टाकलं जातं. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालतात. कमी दर्जाच्या आणि चांगल्या घोड्यांची शर्यत चुरशीची व्हावी म्हणून ही योजना. न्याय्यही आहे. पण जो चांगलं काम करतो त्याच्यावरच पुढचं काम लादायचं, हा सरकारी नोकरीतला अनुभव मला तिथं भेटला. ओझं वाढल्यावर ती दोनदा पळाली. दोन्ही वेळा झुंजली, जिंकली नाही.

डिसेंबरात आम्ही पाचही जण माळेगावला गेलो. सगळ्यांचा मूड चांगला होता. लावणीच्या फडापासून कुस्तीच्या आखाड्यापर्यंत फिरलो, घोड्यांच्या बाजारात शेठ भाव काढत होते आणि काही न घेता पुढं सरकत होते. तिथं वरातीच्या घोड्यांचा एक व्यापारी भेटला. आमच्या घोडीबद्दल कळल्यावर म्हणाला, “रेसची घोडी थकली की सांगा साहेब. नवरदेवाखाली चांगली दिसंल. पण बँडला घाबरू नये असं शिकवावं लागतं.” कसं शिकवावं लागतं हे मी त्याला विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

जानेवारीत एका पहाटेच्या सरावानंतर ट्रेनरचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी गेलो. मोतद्दारानं आधीच सांगितलं, “साब, रात से पाँव गरम है इसका. दाना भी छोड दी.” डाव्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याखाली, हात ठेवला. आयुष्यभर जनावरांच्या पायांवर हात ठेवला आहे. सूज सांगायला यंत्र लागत नाही. कंडरा जिथं ताणलेल्या दोरीसारखी सरळ लागायला हवी तिथं ती फुगलेली होती, आणि दाबल्यावर घोडीनं पाय उचलून घेतला. सोनोग्राफीत मधोमध काळा भाग दिसला. तंतू तुटले होते.

भरधाव पळताना एक क्षण असा येतो की घोड्याचा सगळा भार पुढच्या एकाच पायावर असतो, आणि तो त्याच्या शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. साडेचारशे-पाचशे किलोचं शरीर मनगटाएवढ्या पायावर. त्या वेगात कंडरेच्या गाभ्यातलं तापमान 45 अंशांच्या घरात जातं. ती भरून येते, पण पहिल्यासारखी येत नाही. लवचिक तंतूंच्या जागी कडक व्रण बसतो. त्याला वर्ष लागू शकतं, आणि पुन्हा शर्यतीत उतरवलं तर पुन्हा तुटण्याची भीती राहते. हे मी पाचही जणांना जसंच्या तसं सांगितलं. ती पुन्हा पळेल की नाही, एवढंच ऐकायचं होतं त्यांना. नाही, असं मी म्हणालो.

त्यानंतरचे आठवडे या वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे. शर्यतीच्या दिवशी जे चेहरे दिसले होते त्यांपेक्षा वेगळे चेहरे दिसले, आणि त्यांत वाईट कोणी नव्हतं. एकाच्या मुलीच्या मेडिकलची फी आली होती, तो म्हणाला, माझं आता जमणार नाही. हे खरं होतं. दुसऱ्यानं काही न म्हणता फोन उचलणं कमी केलं. वकिलांनी पर्याय मांडले, वकिलांसारखेच: पैदाशीसाठी विकणे, घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेला देणे, वरातीच्या व्यापाऱ्याला विकणे, लस-सिरम बनवणाऱ्यांना देणे. तिची वंशावळ बेताची, म्हणून पैदाशीला गिऱ्हाईक नव्हतं. वरात हा पर्याय उच्चारला गेला तेव्हा मी काही बोललो नाही. शेठनीच मान हलवली.

सिरमच्या पर्यायावर मात्र मी बराच विचार केला. शर्यतीचे निवृत्त घोडे आणि माणसाचं औषध यांचं महाराष्ट्रात जुनं नातं आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टडफार्मवरचे घोडे परळच्या हाफकिन संस्थेला सिरमसाठी दिले जात, आणि त्यातूनच सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी केली. आमच्याकडे सोयाबीनच्या फडात सापानं डंख मारला की ग्रामीण रुग्णालयात जी कुपी फोडतात ती घोड्याच्या रक्तातून तयार झालेली असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या विषावर चालणारी. घोड्याला अगदी थोडं थोडं विष देत त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होऊ देतात आणि ती काढून घेतात. मराठवाड्यात असं एकही गाव नसेल जिथं कोणी ना कोणी त्या रक्तावर वाचलेलं नाही. हे काम कमी प्रतीचं नाही. शर्यतीपेक्षा मोठंच आहे. पण ते काम आहे, आणि त्याला धडधाकट घोडा लागतो. लंगड्या घोडीला एका कामावरून काढून दुसऱ्यावर लावावं असं मला वाटेना. तिच्याकडून आणखी काही मिळवायचं आहे का, आणि ते नसेल तर आपण तिचे कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

तेव्हा शेठनी वही उघडली. धर्मादाय खात्यात जी रक्कम होती ती आम्ही विसरलो होतो. शर्यतीच्या तबेल्यातला खर्च तीत दोन महिनेही निघाला नसता. पण शर्यतीचा तबेला आता लागणारच नव्हता. बिदर रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाची शेती, पाणी बरं, दोन घोडे आधीच पाळलेले, माणूस जाणता. तिथला खर्च काढला तर ती रक्कम बरेच महिने पुरत होती. दोघे बाहेर पडले. कराराप्रमाणे त्यांनी धर्मादायातला वाटा मागितला नाही, आणि मागायची त्यांची इच्छाही नव्हती. उरलेल्या तिघांनी पुढचा खर्च वाटून घेतला. सरांनी पेन्शनचा शब्द काढला नाही; मीही काढला नाही. बाहेर पडलेल्या दोघांशी संबंध बिघडले नाहीत, याचं मोठं श्रेय त्या कलमाचं आहे. त्यामुळे कोणाला नाही म्हणताना घोडीला रस्त्यावर सोडल्याची टोचणी लागली नाही, आणि राहणाऱ्यांना आपण इतरांचं ओझं वाहतोय असं वाटलं नाही.

भागीदारीबद्दल माझं मत यातून बदललं. पूर्वी वाटायचं की चांगला भागीदार म्हणजे जो वेळेवर पैसे देतो आणि तंटा करत नाही. आता वाटतं की भागीदारीची खरी परीक्षा नफ्यातोट्यावर होतच नाही. तोटा सगळे मिळून सोसतात, त्यातही एक प्रकारची मजा असते, पुढच्या वेळची आशा असते. आशा संपल्यावर जे उरतं, खुराक, औषध, जागा, रोजची देखरेख, ते वाटून घेणं कठीण. सावडीतल्या बैलाचा तंटा माझ्यापर्यंत यायचा तोही याच कारणानं. दोन्ही मालक चांगले असायचे, बैलही चांगला असायचा, फक्त तो थांबल्यावरचं कोणी आधी बोललेलं नसायचं. कोणी खलनायक नसताना जनावर उघड्यावर येतं. ही गोष्ट फक्त घोड्यांची किंवा बैलांचीही नाही. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च भावंडांत वाटताना, मिळून उभारलेलं दुकान मोडताना, गावानं वर्गणीतून घेतलेली पाण्याची मोटर जळल्यावर, हेच होतं. सुरुवातीला सगळे हजर असतात, कारण सुरुवातीला फोटो असतो.

हौसेला मी नावं ठेवत नाही. मलकपेटच्या त्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये माझा श्वास अडकला होता, आणि तो अनुभव मला मिळाला नसता तर मी गरीबच राहिलो असतो. ज्याला पैसे मिळवायचे आहेत त्यानं या फंदात पडू नये. ज्याला जिवंत गोष्टीत जीव गुंतवायचा आहे आणि एकट्याला पेलत नाही, त्याला भागी हा चांगला मार्ग आहे, मग तो शर्यतीचा घोडा असो, पटाची जोडी असो की एखादी देवणी गाय. आता कोणी सल्ला विचारायला आलं तर मी किमतीचं, ट्रेनरचं, जॉकीचं काही सांगत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगतो की कागदावर घोड्याची किंमत आणि महिन्याचा खर्च मांडाल त्याच्याखाली आणखी एक रक्कम लिहा, थांबल्यानंतरची, आणि पहिल्या महिन्यापासून ती बाजूला काढा. ती लिहिताना पाचांपैकी एकाचाही हात आखडला, तर घोडा घेऊ नका. माळेगावला जा, पोटभर घोडे बघा, शेठसारखे भाव काढा, आणि मोकळ्या हातानं घरी या.